बिटपासून एक्साबाइटपर्यंत: ८ ने भागायचं, पण मग हजारने की १०२४ ने?

'नागपूर' हा शब्द संगणकात साठवायला किती जागा लागते? अठरा बाइट. न, काना, ग, प, दीर्घ उकार आणि र अशी ही सहा चिन्हं. आज जवळपास सगळीकडे चालणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे झाले १४४ बिट. हेच नाव रोमन लिपीत लिहिलं तर सहा अक्षरं, सहा बाइट, ४८ बिट. शहर तेच, जागा तिप्पट. 'क्ष' तर दिसायला एकच अक्षर, पण आत क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हं बसलेली असतात, म्हणून त्याचे नऊ बाइट.

एसएमएसचा हिशोब आणखी वेगळा. एका एसएमएसमध्ये जास्तीत जास्त १४० बाइट मावतात, म्हणजे ११२० बिट. रोमन अक्षराला तिथे ७ बिट पुरतात. ११२० भागिले ७, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तिथे १६ बिट द्यावे लागतात. ११२० भागिले १६, म्हणून फक्त ७०. मराठीतून जरा लांब निरोप पाठवला की एकाच्या जागी दोन-तीन एसएमएसचे पैसे का कापले जायचे, ते या भागाकारात दिसतं.

डिजिटल मापांची सगळी रूपांतरं अशीच असतात. गणित चौथी-पाचवीच्या पलीकडचं नाही. गोंधळ होतो तो दोन ठिकाणी: समोरचा आकडा बिटमध्ये आहे की बाइटमध्ये, आणि पुढची पायरी हजारची आहे की १०२४ ची. जाहिरातीत, डब्यावर, संगणकाच्या पडद्यावर या दोन गोष्टी कोणी धड सांगत नाही. गणित कच्चं असल्यामुळे लोक चुकत नाहीत, लेबल अर्धवट असल्यामुळे चुकतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

बिट म्हणजे शून्य किंवा एक. याहून लहान काही नाही; अर्धा बिट साठवता येत नाही. हा शब्द अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या शोधनिबंधात छापून आला आणि त्याचं श्रेय त्यांनी जॉन टुकी यांना दिलं. बाइट हे नाव १९५६ साली आयबीएम या संगणक बनवणाऱ्या कंपनीत वर्नर बुखहोल्ट्झ यांनी दिलं. सुरुवातीला बाइट आठच बिटांचा असतो असा काही नियम नव्हता. १९६४ साली आलेल्या आयबीएमच्या सिस्टम/३६० मालिकेनंतर आठ हा आकडा पक्का होत गेला. आज डोळे झाकून आठ धरायला हरकत नाही.

रोमन लिपीत बिटसाठी लहान 'बी' आणि बाइटसाठी मोठा 'बी' लिहितात. एवढ्या बारीकशा फरकावर आठपटीचा फरक टांगून ठेवला आहे, आणि मराठीत लिहिताना तर तोही उरत नाही. 'एमबी' म्हटलं की दोन्ही सारखेच. म्हणून एक ढोबळ खूण लक्षात ठेवा: जे वाहतं ते बिटमध्ये, जे साठतं ते बाइटमध्ये. इंटरनेटचा वेग, कॅमेऱ्याचा बिटरेट (चित्रासाठी सेकंदाला किती बिट लागतात तो आकडा), वायफायच्या डब्यावरचा आकडा हे सगळं बिट. फाइल, पेनड्राइव्ह, मोबाइलची जागा, रोजचा डेटा हे सगळं बाइट. डाउनलोड होताना ब्राउझर जो वेग दाखवतो तो मात्र बहुतेक वेळा बाइटमध्ये असतो, आणि तिथेच माणूस चिडतो.

घरी १०० एमबीपीएसचं, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचं कनेक्शन आहे आणि पडद्यावर सेकंदाला बारा एमबी दिसतात. कंपनीला फोन करण्याआधी १०० ला ८ ने भागा: साडेबारा. जोडणीच्या देखरेखीतही थोडे बिट खर्च होतात, म्हणून बारा दिसले तर कनेक्शन ठणठणीत आहे. तीन जीबीचा सिनेमा उतरवायला ३००० भागिले १२.५, म्हणजे २४० सेकंद, चार मिनिटं. आता उलटं बघा. मोबाइलवर रोजचा दीड जीबी डेटा मिळतो आणि वेग ४० एमबीपीएस येतो. ४० बिटांचे झाले ५ बाइट, म्हणजे सेकंदाला ५ एमबी. पूर्ण वेगाने वापरला तर दीड जीबी ३०० सेकंदांत, पाच मिनिटांत खल्लास. वेग वाढला म्हणून डेटा वाढत नाही, तो फक्त लवकर संपवता येतो.

व्हिडिओ बघणाऱ्यांसाठी एक सोयीचा आकडा आहे, ४५०. तासात ३६०० सेकंद असतात आणि ३६०० भागिले ८ म्हणजे ४५०. व्हिडिओ जितक्या एमबीपीएसने येत असेल त्याला ४५० ने गुणा, तासाला किती एमबी जाणार ते कळतं. २ एमबीपीएसचा व्हिडिओ तासाला ९०० एमबी खातो.

कॅमेरे आणि अकरा दिवस

सीसीटीव्ही बसवणाऱ्याला नागपूरच्या इतवारीतला दुकानदार हमखास विचारतो, "भाऊ, डिस्क तं एक टीबीची टाकली ना, मंग पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग काऊन नाही राहत?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर कागदावर निघतं.

समजा दुकानात चार कॅमेरे आहेत, प्रत्येकाचा बिटरेट २ एमबीपीएस. चारांचे मिळून सेकंदाला ८ मेगाबिट, म्हणजे बरोबर १ मेगाबाइट. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणून दिवसाला ८६,४०० एमबी, म्हणजे ८६.४ जीबी. एक टीबी म्हणजे १००० जीबी. १००० भागिले ८६.४ केले की ११.५७ येतात. बाराव्या दिवशी दुपारीच डिस्क भरते आणि यंत्र सगळ्यात जुन्या दिवसावर नवं चित्र चढवायला लागतं. पंधरा दिवस हवे असतील तर १२९६ जीबी लागतील, महिना हवा असेल तर २५९२ जीबी. म्हणजे पंधरा दिवसांना दोन टीबीची डिस्क, महिन्याला चार टीबीची. मधली तीन टीबीची मिळाली तरी भागेल, पण एखादा कॅमेरा वाढला की पुन्हा तेच रडगाणं.

यात आठ विसरला तर काय होतं बघा. कोणी ८ एमबीपीएसला सेकंदाला ८ मेगाबाइट समजला, तर दिवसाचे ६९१ जीबी निघतील आणि महिन्यासाठी तो वीस टीबीच्या वर डिस्क मागवेल. दुकानदाराच्या खिशाला भोक पडेल ते एका लहान 'बी'मुळे.

डिस्क न बदलताही दिवस वाढवता येतात. यंत्राच्या मेनूत बिटरेट बहुधा केबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट असा लिहिलेला असतो, २०४८ वगैरे. तो १०२४ केला की दिवस दुप्पट होतात, चित्र थोडं ढोबळ होतं. कॅमेरा आणि यंत्र दोन्हींना चालत असेल तर व्हिडिओ आवळून साठवण्याच्या पद्धतींपैकी एच.२६४ ऐवजी एच.२६५ निवडावी, जवळपास तसंच चित्र बरेच कमी बिट घेऊन साठतं. गल्ल्यावरचा कॅमेरा चांगल्या दर्जाचा ठेवायचा आणि मागच्या गोदामाचा उतरवायचा, हा व्यवहारी मार्ग. रात्रभर बंद शटरकडे बघत बसलेल्या कॅमेऱ्याला हालचाल झाली तरच रेकॉर्ड करायला सांगितलं, तर आणखी वाचतं.

हरवलेले ६९ जीबी

आता दुसरी भानगड. बर्डीवरच्या दुकानातून एक टीबीची डिस्क आणली, विंडोजच्या संगणकाला जोडली आणि पडद्यावर आलं ९३१ जीबी. "बाकीचे ६९ जीबी गेले कुठे?" असं विचारत लोक दुकानात परत येतात. दुकानदार सांगतो, "सिस्टीम घेते ना थोडी जागा." हे उत्तर पटण्यासारखं आहे आणि जवळजवळ पूर्णपणे चुकीचं आहे. जागा कोणीच घेतलेली नाही.

नागपूरच्या झिरो माइलच्या दगडावर गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत आणि आज जबलपूर रोडवरची पाटी किलोमीटर सांगते. दोन्ही आकडे जुळत नाहीत म्हणून जबलपूर दूर सरकलं असं कोणी म्हणत नाही, कारण एकाला आपण मैल म्हणतो आणि दुसऱ्याला किलोमीटर. डिस्कच्या बाबतीत नेमकं हेच बिघडलं आहे: मापं दोन, नाव एक.

डिस्क बनवणारा एक टीबी म्हणजे १०,००,००,००,००,००० बाइट धरतो, आपल्या भाषेत एक लाख कोटी. किलो, मेगा, गिगा, टेरा या प्रत्येक पायरीला हजारने गुणत तो तिथे पोहोचतो. विंडोज मात्र प्रत्येक पायरीला १०२४ ने भागत जातं. त्याच्या लेखी एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. लाख कोटींना या आकड्याने भागलं की ९३१.३ येतात. एकही बाइट हरवलेला नाही. मॅकवर ॲपलने २००९ पासून हजारची पायरी धरली, त्यामुळे तीच डिस्क तिथे पूर्ण एक टीबी दिसते.

१०२४ आला कुठून? मेमरीच्या रचनेतून. मेमरीतल्या प्रत्येक घराला पत्ता असतो आणि पत्ता शून्य-एकमध्येच लिहावा लागतो. पत्त्यासाठीची एक तार वाढवली की घरं दुप्पट होतात: २, ४, ८, १६. दहा तारांवर १०२४ घरं येतात. ते हजारच्या इतकं जवळ होतं की सुरुवातीच्या लोकांनी सरळ 'किलो' म्हणून टाकलं. चोवीसचा फरक तेव्हा कोणाला खुपला नाही. रॅम आजही याच हिशोबाने बनते, म्हणून ८ जीबी रॅममध्ये ८५८ कोटींहून जास्त बाइट असतात आणि ८ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये ८०० कोटींच्या आसपास. एकाच काउंटरवरून एकाच नावाची दोन मापं घेऊन आपण घरी येतो.

जुन्या फ्लॉपीवर तर कहर होता. १.४४ एमबी असं छापलेल्या फ्लॉपीत १४,७४,५६० बाइट बसायचे. हजारच्या हिशोबाने ते १.४७ एमबी होतात, १०२४ च्या हिशोबाने १.४१. मग १.४४ कुठून आलं? एकदा १०२४ ने भागून आणि एकदा हजारने भागून! दोन्ही मापांची खिचडी, आणि ती वर्षानुवर्षं लेबलवर छापली गेली.

लहान आकड्यांत हा फरक नगण्य वाटतो, पण तो पायरीगणिक वाढत जातो. किलोला २.४ टक्के, मेगाला ४.९, गिगाला ७.४, टेराला १०, पेटाला १२.६, एक्साला १५.३. अमेरिकेत या फरकावरून ग्राहक कोर्टात गेले; डिस्क बनवणाऱ्या कंपन्यांपैकी २००६ साली वेस्टर्न डिजिटलने आणि २००७ साली सीगेटने तडजोड करून प्रकरणं मिटवली. त्याच्या कितीतरी आधी, १९९८ मध्येच, आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने तोडगा काढला होता. हजारच्या पायरीला किलो, मेगा, गिगा, टेरा ही नावं राहतील आणि १०२४ च्या पायरीला किबी, मेबी, गिबी, टेबी म्हणायचं. म्हणजे विंडोज दाखवतं ते खरं तर ९३१ गिबीबाइट. आकडा अचूक आहे, फक्त पुढे 'गिबी' लिहायचं ते 'गिगा' लिहितं. एका अक्षराची दुरुस्ती आहे, अजून केलेली नाही.

अख्खा महाराष्ट्र एका डिस्कवर

या दोन मापांची सरमिसळ कशी फसवते ते एका उदाहरणात दिसेल. नागपुरात व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेच्या आवारात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे; उपग्रहचित्रांवरून राज्याचे नकाशे आणि माहिती तयार करण्याचं काम तिथे चालतं. अशा चित्राला जागा किती लागेल, याचा अंदाज आपणही काढू शकतो.

नागपूर शहराचं क्षेत्रफळ सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. चित्रातला एक ठिपका जमिनीवरचा एक मीटर बाय एक मीटर तुकडा दाखवतो असं धरू. एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख ठिपके, म्हणून शहराचे साडेबावीस कोटी. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन रंग, रंगाला एक बाइट. झाले साडेसदुसष्ट कोटी बाइट, म्हणजे ६७५ एमबी. तेच चित्र दहापट बारीक हवं असेल, दहा सेंटिमीटरचा ठिपका, तर लांबी दहापट आणि रुंदीही दहापट. जागा शंभरपट, साडेसदुसष्ट जीबी. वेगवेगळ्या कामांसाठी अशी चित्रं तीनाऐवजी जास्त रंगपट्ट्यांत घेतात आणि कधी रंगाला दोन बाइट देतात, तेव्हा आकडा आणखी फुगतो.

आता अख्खा महाराष्ट्र घ्या: ३,०७,७१३ चौरस किलोमीटर. एक मीटरच्या ठिपक्याने आणि तीन बाइटने गुणलं की सुमारे ९२३ जीबी होतात. एक टीबीच्या डिस्कवर मावेल का? विंडोजमध्ये रिकामी डिस्क ९३१ दाखवते, आपला हिशोब ९२३ सांगतो, म्हणजे जेमतेम आठ जीबी उरणार, असं वाटून कोणी दोन टीबीची घ्यायला निघेल. पण ९२३ हे गिगाबाइट आहेत आणि ९३१ हे गिबीबाइट. दोन्हीकडे एकच माप लावा. हजारच्या मापाने डिस्क १००० आणि चित्र ९२३, उरले ७७. विंडोजच्या मापाने डिस्क ९३१ आणि चित्र ८६०, उरले ७१. महाराष्ट्र आरामात मावतो. मैलांतून किलोमीटर वजा केले की असंच काहीतरी निघणार.

टोकापासून टोकापर्यंत

लहानातल्या लहानावरून मोठ्यातल्या मोठ्यावर उडी मारायची वेळ आली की लोक शून्यं मोजायला लागतात आणि तिथेच चुकतात. शून्यं मोजू नका, पायऱ्या मोजा. किलो पहिली, मेगा दुसरी, गिगा तिसरी, टेरा चौथी, पेटा पाचवी, एक्सा सहावी, झेटा सातवी, योटा आठवी. प्रत्येक पायरी म्हणजे तीन शून्यं.

एक बिट म्हणजे किती टेराबाइट? आधी ८ ने भागून बाइट करा: ०.१२५. टेरा चौथी पायरी, म्हणून दशांश चिन्ह बारा घरं डावीकडे. येतं १.२५ गुणिले दहाचा उणे तेरावा घात. कॅल्क्युलेटरवर हेच '१.२५ई-१३' असं उमटतं. तो 'ई' बघून यंत्र बिघडलं असं समजू नये. 'इतकी घरं डावीकडे' एवढाच त्याचा अर्थ.

१०२४ च्या मापात हे आणखी सोपं आहे, कारण तिथे सगळं दोनाच्या घातांत बसतं. बिटवरून बाइटला तीन घात, मग प्रत्येक पायरीला दहा. एका टेबीबाइटमध्ये किती बिट? ३ अधिक ४०, म्हणजे दोनाचा ४३ वा घात, ८७,९६,०९,३०,२२,२०८. गुणाकार-भागाकाराच्या जागी फक्त बेरीज. मोठ्या संख्यांना नावं देण्याची हौस आपल्याकडे जुनीच आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'लीलावती'त दिलेली संख्यानामं परार्धापर्यंत जातात, दहाच्या सतराव्या घातापर्यंत. त्या मापाने गिगाबाइट म्हणजे एक अब्ज बाइट, टेराबाइट एक महापद्म आणि एक्साबाइट दहा परार्ध. २०२२ साली वजनमापांच्या जागतिक परिषदेने योटाच्याही वर रोना आणि क्वेटा ही नावं मंजूर केली, त्यामागे डिजिटल माहितीच्या वाढत्या आकड्यांचं कारण होतं. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेने डिस्कवरची साठवण एक एक्साबाइटच्या पार गेल्याचं २०२३ मध्ये जाहीर केलं, म्हणजे एक टीबीच्या दहा लाख डिस्क.

पेटाबाइटचा आवाका समजायचा तर तो घरच्या कनेक्शनवरून पाठवून बघा. पेटा पाचवी पायरी, पंधरा शून्यं. बाइटचे बिट करायला ८ ने गुणा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला दहा कोटी बिट. भागाकार येतो आठ कोटी सेकंद, ९२६ दिवस, अडीच वर्षांहून थोडं जास्त. २०१९ मध्ये कृष्णविवराचं पहिलं चित्र प्रसिद्ध झालं, त्यासाठी जगभरच्या दुर्बिणींनी २०१७ च्या एप्रिलमध्ये जमवलेली माहिती पेटाबाइटमध्ये मोजावी लागत होती. ती इंटरनेटवरून पाठवलीच नाही. हार्डडिस्कच्या पेट्या विमानाने नेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या पेट्यांना तर तिथला हिवाळा सरून विमानं सुरू होईपर्यंत थांबावं लागलं, आणि तरीही तो मार्ग तारेपेक्षा जलद ठरला.

रूपांतर करून देणाऱ्या वेबसाइटवर हल्ली गिगाबाइट आणि गिबीबाइट असे दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी दिसतात. आकडा डिस्कच्या डब्यावरून किंवा मॅकवरून घेतला असेल तर गिगा निवडा. विंडोजच्या पडद्यावरून किंवा रॅमच्या पट्टीवरून घेतला असेल तर गिबी. आणि आकड्यापुढे 'पर सेकंद' असेल तर आधी तो बी लहान आहे की मोठा, ते बघा.